फेडरल न्यायाधीशांची ‘निवृत्ती’

अमेरिकेतील फेडरल (केंद्रीय) न्यायाधीश मरेपर्यंत खुर्ची सोडत नाहीत, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवल्यावर आणि सिनेटने साध्या बहुमताने मान्य केल्यावर नेमणूक तहहयात होते. काढायचे तर महाभियोगच लागतो. पण ६५ वर्षे वय आणि १५ वर्षे सेवा झाली, की ‘सीनियर’ दर्जा घेता येतो. वयाची आणि सेवेची बेरीज ८० व्हायला हवी. सत्तरीत १० वर्षांची सेवाही पुरते. वेतन सुरू राहते, कामाचा भार हलका होतो. कार्यालय आणि कर्मचारी हवे असतील, तर नियमित न्यायाधीशाच्या साधारण पाव पट काम करावे लागते.

कॅन्सासचे वेस्ली ब्राउन १९६२ मध्ये केनेडींच्या नेमणुकीने न्यायाधीश झाले, १९७९ मध्ये सीनियर झाले आणि २०१२ मध्ये १०४ व्या वर्षी पदावर असतानाच वारले. आपल्याकडे उच्च न्यायालयात ६२ व्या वर्षीच निरोप समारंभ!

खरी गोम वेगळीच आहे. सीनियर होताच जागा रिकामी धरली जाते, म्हणजे ती कोणत्या राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीत रिकामी करायची हे न्यायाधीशच ठरवतात. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर काहींनी सीनियर होण्याची आधी दिलेली सूचना चक्क मागे घेतली. नियमात ते बसते, पण निःपक्षपातीपणाच्या शपथेशी त्याचा मेळ बसत नाही.

– एक वाचक, ठाणे