आबांच्या कानशी

वडगाव, बेळगाव
दसरा

चि. अक्का,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "आबांच्या कानशी तुम्ही मोडल्या?" एवढंच विचारलंस आणि गप्प झालीस. मला तेव्हा धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. सगळ्या मोडलेल्या नाहीत. सुरीचं पातं करायला दोनच घेतल्या. त्यातली एक माझ्या हातून वाया गेली, तेही सांगतो.

माळ्यावरची हिरवी पेटी तुला आठवत असेल. उद्यमबागेतल्या नोकरीतून आबा निवृत्त झाले, तेव्हापासून ती तिथंच होती. उघडली तर लोखंड घासायच्या चौदा कानशी निघाल्या. प्रत्येक कानस धोतराच्या वेगळ्या तुकड्यात गुंडाळलेली. कानस कानशीवर घासली की दोघींचे दाते मरतात, म्हणून आबा त्या कधी एकत्र टाकत नसत. मी सातवीत असताना त्यांनी व्हाइसच्या जबड्यात लोखंडाची पट्टी घट्ट धरून मला उभं केलं होतं. जोर द्यायचा तो पुढं जाताना, मागं येताना कानस उचलायची. मी मागं ओढली की मनगटावर चापट बसायची. कीस दात्यांत अडकू नये म्हणून आधी खडू चोळायचा, हेही त्यांचंच शिकवणं.

एका रविवारी मी चौदाही कानशी लोखंडाच्या तुकड्यावर चालवून बघितल्या. सहा अजून कापतात. त्यांना हात लावला नाही. तेल पुसून पुन्हा धोतरात गुंडाळून ठेवल्या. त्यात ती अर्धगोल कानसही आहे, जिच्या मुठीवर आबांच्या अंगठ्याचा खळगा पडलाय. उरलेल्या आठांत तिघींना गंजानं खाल्लंय आणि पाच इतक्या झिजल्यात की नुसत्या घसरतात. त्या पाचांतल्याच दोन घेतल्या. घसरणारी कानस पेटीत ठेवून आबांची आठवण जपली जाते, असं मला वाटत नाही. पोलाद अजून चांगलं आहे. फक्त दाते गेलेत.

चांगलं म्हणजे किती, ते खानापूर रस्त्यावरच्या लोहारानं दाखवलं. ग्राइंडरला टोक लावलं तर ठिणग्यांची अशी दाट फुलबाजी उडाली की तो म्हणाला, "इदु छलो उक्कु ऐत्री." तू कन्नड शिकलीस, तुला माहीत आहे, उक्कु म्हणजे पोलाद. दक्षिणेतलं पोलाद एके काळी दूरदूरच्या देशांत जायचं. इंग्रज त्याला वूट्झ म्हणायचे, आणि तो शब्द आपल्या या उक्कुवरूनच आला असं मानतात. कानशीच्या पोलादात कार्बन शेकडा एकच्या आसपास असतो, म्हणून तिला कडक पाणी चढतं, म्हणजे तापवून एकदम गार केली की ती कडक होते. हल्लीच्या काही स्वस्त कानशी नुसत्या वरून कडक केलेल्या असतात, आत मऊ. त्यांची सुरी होत नाही.

आता वाया गेलेली. पात्याच्या पाठीवर कानशीचे दाते राहू द्यावेत, आबांची खूण दिसेल, असा मोह मला झाला. लोहार म्हणाला होता, "दाते सगळे काढा हो, तिथनंच तडकतंय." ऐकलं नाही. भट्टीतही नको तेवढं तापवलं, आणि आबा छिन्नीला देत तसं सरळ पाण्यात घातलं. टिंग असा बारीक आवाज आला. पुसून बघतो तर एका दात्याच्या मुळापासून केसाएवढी चीर आरपार गेलेली. व्हाइसमध्ये धरून मोडलं, तर आतला दाणा साखरेसारखा जाड आणि चमकता. जास्त तापलं की असंच होतं. त्या रात्री जेवण गेलं नाही. तुझी आई काही बोलली नाही, ताट तेवढं झाकून ठेवलं.

दुसरीला घाई केली नाही. लाल करून रात्रभर राखेत पुरली, सकाळपर्यंत मऊ झाली. दाते घासून सपाट केले, आणि ते आबांच्या चालू कानशीनंच. आकार दिल्यावर पुन्हा भट्टी. या वेळी जुन्या स्पीकरचं चुंबक तारेला बांधून शेजारी टांगलं होतं. पातं चुंबकाला चिकटेनासं झालं की अजून थोडंच तापवायचं आणि थांबायचं. मग कोमट शेंगतेलात बुडवलं. तेल भडकतं, म्हणून झाकण हाताशी होतं. तेलात घातलं तरी आपण त्याला पाणी देणंच म्हणतो. बाहेर काढून कानस फिरवली, तर काचेवरून जावी तशी घसरली. इतकं कडक पातं पडलं तर फुटतं, म्हणून आईच्या केकच्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन-दोन तास दोनदा ठेवलं. वाळल्या गवतासारखा फिका पिवळा रंग चढला. तो बघत मी ओव्हनसमोर बराच वेळ बसून होतो. धार लावताना दर दोन फेऱ्यांनी पाण्यात बुडवत होतो, कारण पातं निळं पडलं की तेवढ्या जागेचं पाणी उतरलंच.

काल खंडेनवमीला त्या सहा कानशी, ते पातं आणि मोडलेले दोन तुकडेही पाटावर मांडले. आबा मांडायचे तसंच, हळदकुंकू आणि झेंडू.

पातं तुझ्यासाठी आहे, पुण्याच्या तुझ्या स्वयंपाकघरासाठी. स्टेनलेस नाही, गंजतं. कांदा-लिंबू चिरलं की लगेच धुऊन कोरडं कर, सिंकमध्ये पडू देऊ नकोस, आठवड्याला खोबरेल तेलाचं बोट फिरव. हळूहळू काळपट होईल, त्याला घासत बसू नकोस.

मूठ अजून बसवलेली नाही. शिसवाचा तुकडा आणि पितळेच्या सळया आणून ठेवल्यात. तळहाताची रुंदी पट्टीनं मोजून कळव, चार बोटं जुळवून, अंगठा सोडून. दिवाळीला येशील तोवर बसवून ठेवतो.

तुझे
बाबा