शनिवारच्या त्या मोफत सेमिनारबद्दल

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही त्या मोफत प्रॉपर्टी सेमिनारबद्दल इतक्या उत्साहाने सांगत होतात की मी फारसं बोलले नाही. बोलले असते तर 'जाऊ नका' एवढंच तुमच्या कानावर पडलं असतं. तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. व्यवहारातलं तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. माझी काळजी वेगळी आहे. तुम्हा दोघांनाही समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही. दारात आलेल्या अनोळखी माणसालाही तुम्ही बसवून घेता, त्याचं सगळं ऐकून घेता. तुमचा हा स्वभाव मला फार आवडतो. पण त्या हॉलमध्ये नेमका याच स्वभावाचा फायदा उठवला जातो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सेमिनार मोफत असला तरी हॉलचं भाडं, खाणंपिणं, भेटवस्तू, पानभर जाहिराती हा खर्च कुणीतरी केलेला असतो, आणि तो त्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी काही जणांकडूनच वसूल व्हायचा असतो. पुढे दोन प्रकार असतात. एकात खरोखरची जागा विकतात: प्लॉट, फ्लॅट, एखाद्या प्रकल्पातला हिस्सा. दुसऱ्यात जागा नसतेच. जागेतून पैसा कसा करायचा हे शिकवणारा कोर्स विकतात. दोन्हीकडे गळ घालण्याची रीत मात्र एकच.

दुसऱ्या प्रकाराचं कोर्टाच्या कागदपत्रांत नोंदलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 'ट्रम्प युनिव्हर्सिटी' नावात विद्यापीठ होती, पण विद्यापीठाची मान्यता तिला नव्हती. आधी ९० मिनिटांचं मोफत सत्र. तिथे सुमारे १,५०० डॉलरचा तीन दिवसांचा वर्ग विकायचा. आणि त्या तीन दिवसांत ३५,००० डॉलरपर्यंतचा 'खास मार्गदर्शना'चा कोर्स गळ्यात मारायचा. न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलने, म्हणजे त्या राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने, २०१३मध्ये दावा दाखल केला, त्यातला एक मुद्दा वाचून मी थबकले. वर्गात लोकांना क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून घ्यायला सांगितलं जायचं. कारण द्यायचे की पुढे जागा घ्यायला उपयोगी पडेल. मग त्याच वाढलेल्या मर्यादेवर तो महागडा कोर्स विकला जायचा. कर्मचाऱ्यांना दिलेली पुस्तिका २०१६मध्ये न्यायालयाच्या आदेशाने उघड झाली. हॉलचं तापमान ६८ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही, इतक्या बारीक सूचना तीत होत्या. आलेल्यांपैकी कुणाकडे हाताशी किती पैसा आहे हे हेरायच्याही होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, चूक कबूल न करता, अडीच कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं गेलं.

हे इतकं सांगितलं ते एवढ्यासाठी की बोलणारा भारावून बोलतोय असं आपल्याला वाटतं, पण त्याचं हसणं, थांबणं, टाळ्या घेणं हे सगळं आधी लिहून, पाठ करून आलेलं असतं. तुम्ही काय कारणं सांगाल हेही त्याला ठाऊक असतं आणि प्रत्येकावर उत्तर तयार असतं. तिथे वाद घालून जिंकता येत नाही.

दारातच एक फॉर्म देतील. नाव आणि फोन नंबर ठीक आहे, पण वार्षिक उत्पन्न, मुदत ठेवी, स्वतःचं घर आहे का, निवृत्तीचे पैसे कधी मिळाले, असे रकाने असतील तर ते कोरे सोडा. तुमच्या शेजारी कुणाला बसवायचं हे त्यावरून ठरतं. मग वक्ता सोपे प्रश्न विचारत जाईल. 'कुणाला पैशाची चिंता नकोय? हात वर करा.' 'कुणाला आपल्या माणसांसाठी काही मागे ठेवायचंय?' हात कोण खाली ठेवील? पण अशा पाच-सात 'हो' नंतर माणसाला 'नाही' म्हणणं जड जातं, आपण आपलंच बोलणं फिरवतोय असं वाटतं. तो खेळ तिथूनच सुरू झालेला असतो.

आणि कधीतरी मध्येच, आवाज खाली आणून, तो विचारील, 'म्हातारपणी मुलांवर ओझं होऊन राहायचंय का?'

बाबा, आई, त्याचं उत्तर मी इथेच देऊन ठेवते. तुम्ही मला ओझं नाही आहात आणि कधी होणारही नाही. तुम्ही मला वाढवलं ते काही हिशेब मांडून नाही. तुमच्या मनातल्या या एका भीतीवर बोट ठेवून कुणी तुमच्याकडून सही घेतली, तर पैसे गेल्याचं मला एवढं वाटणार नाही, पण ती भीती तुम्ही मला न सांगता त्या परक्या माणसासमोर मोकळी केलीत याचं फार वाईट वाटेल. हॉलमध्ये तो प्रश्न आला की दोघांनी एकमेकांकडे बघा आणि हे वाक्य आठवा.

आता फळ्यावरच्या आकडेमोडीकडे वळते, कारण बाबा, तुम्हाला आकडे पटले की माणूसही पटतो. तो म्हणेल, १०० ची जागा घ्या, २० तुमचे, ८० कर्ज. जागा १० टक्क्यांनी वाढली की तुमच्या २०वर १० सुटले, म्हणजे ५० टक्के फायदा. गणित बरोबर आहे, पण अर्धंच आहे. जागेचा भाव १० टक्क्यांनी उतरला तर तुमच्या २० मधले १० गेले, निम्मी पुंजी संपली, हे तो लिहीत नाही. आणि भाव जिथल्या तिथे राहिला तरी ८० वरचं व्याज चालूच असतं. शिवाय नोंदणीचा खर्च, कर, डागडुजी, भाडेकरू नसलेले महिने, विकायची वेळ आली की गिऱ्हाईक मिळेपर्यंत लागणारा वेळ, यातलं फळ्यावर काहीही नसतं.

'भाड्याची हमी' असेल तर तीही नीट तपासा. समजा १०० किमतीची जागा १२० ला विकली आणि दोन वर्षं वर्षाला ८ टक्के भाड्याची हमी दिली. १२० चे ८ टक्के म्हणजे ९.६, दोन वर्षांचे १९.२. म्हणजे जादा घेतलेल्या २० मधूनच तुम्हाला 'भाडं' परत मिळतंय, तेही हप्त्याहप्त्याने आणि गाजावाजा करून. तिसऱ्या वर्षी हमी संपली की जागेला खरं भाडं किती मिळतं ते कळतं. म्हणून भाड्याचा आकडा वक्त्याला विचारू नका; त्या भागात कुणी खरोखर भाड्याने राहतंय का आणि किती देतंय, ते चौकशी करून काढा.

सगळ्यात अवघड वेळ असते शेवटच्या अर्ध्या तासाची. तोवर सगळे थकलेले, भुकेले असतात. वक्ता एक मोठी किंमत लिहितो, तिच्यावर काट मारतो, मग दुसरी लिहितो, तीही खोडतो आणि तिसरी लिहितो. 'फक्त आज, फक्त या हॉलमधल्यांसाठी, पहिल्या दहा जणांना.' लगेच पाच-सहा जण उठून मागच्या टेबलांकडे जवळजवळ धावत जातात. त्यातले काही आधीच पेरलेले असू शकतात, पण बघणाऱ्याला कळत नाही. आपलीच संधी हुकतेय असं वाटून पोटात कालवाकालव होते. टेबलाशी एक नीटनेटका, आदराने बोलणारा मुलगा बसलेला असेल. तो 'काका, काकू' म्हणेल, तुमच्या गुडघ्यांची चौकशी करील. फॉर्म अर्धा भरलेला असेल आणि पेन टोपण काढून तुमच्या हातात दिलेलं असेल. आई, तू 'घरी बोलून सांगतो' म्हणालीस की तो म्हणेल, 'काकू, श्रीमंत लोक निर्णय लगेच घेतात.' मग त्याचा मॅनेजर येईल. एक जण बाबांशी बोलेल, दुसरा तुला चार पावलं बाजूला नेईल. असं तोडू लागले तर सरळ उठा, एकमेकांच्या शेजारी जाऊन उभे राहा. त्या मुलाचा राग मला येत नाही, त्याचंही पोट त्या सह्यांवर चालत असेल. पण त्याला वाईट वाटू नये म्हणून आयुष्यभराची शिल्लक द्यायची नाही.

'टोकन भरा, परत मिळेल' हे ऐकाल तर कुठल्या कागदावर लिहिलंय ते दाखवायला सांगा. तोंडी सांगितलेलं आणि करारात छापलेलं यात बहुतेक वेळा फरक असतो, आणि करारात शेवटी 'याबाहेरचं कुठलंही तोंडी आश्वासन बांधील नाही' असं एक कलम असतं. त्या कलमाने सेमिनारभर ऐकलेलं सगळं एका ओळीत पुसलं जातं. असेच कोर्स विकणाऱ्या 'झुरिक्स' नावाच्या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९मध्ये खटला भरला, तेव्हा एक आरोप असा होता की परतावा मागणाऱ्यांकडून, आम्ही सरकारी खात्यांकडे तक्रार करणार नाही, वाईट अभिप्राय लिहिणार नाही, अशी सही घेतली जायची. तिथेही मोफत कार्यक्रम, मग सुमारे २,००० डॉलरचा वर्ग, मग ४०,००० डॉलरच्या वरचं पॅकेज, अशीच पायरी पायरीने चढण होती.

सही करून पस्तावलं तर कायदा हात देतो का, असं तुम्ही विचाराल. अमेरिकेत हॉटेलसारख्या तात्पुरत्या ठिकाणी झालेली विक्री ३ कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येते, युरोपीय संघात दुकानाबाहेर केलेला करार १४ दिवसांत. पण प्रत्यक्ष जागेच्या खरेदीला या दोन्ही सवलती लागू नाहीत. तेव्हा नंतर सोडवता येईल या भरवशावर सही नकोच.

तिथे काही विचारायचंच असेल तर एवढंच विचारा: 'कराराचा मसुदा घरी न्यायला मिळेल का? आमच्या वकिलाला दाखवायचा आहे.' आमच्या, त्यांनी सुचवलेल्या नव्हे. जो खरोखर चांगली जागा विकतोय तो मसुदा आनंदाने देईल, कारण तुमचा वकील त्यात खोट काढणार नाही हे त्याला माहीत असतं. जो 'मग ही किंमत राहणार नाही' म्हणेल, त्याला तुमचा एक रात्रीचा विचारही परवडत नाही. त्यापुढे काही बोलायची, कारण द्यायची, माफी मागायची गरज नाही. 'आम्ही पैशाचा निर्णय त्याच दिवशी घेत नाही' एवढं म्हणून निघा. पुन्हा आग्रह झाला तर तेच वाक्य पुन्हा म्हणा, नवीन कारण देऊ नका. नवीन कारण दिलं की त्यांना नवीन उत्तर द्यायला जागा मिळते.

कार्डं आणि चेकबुक घरीच ठेवून जा. जाण्याआधी खाऊन घ्या. भेटवस्तू मिळाली तर खुशाल घ्या, तिचे उपकार मानायचं कारण नाही. नंतर आठवडाभर फोन येतील; ते उचलण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

जे कागद हातात मिळतील त्यांचे फोटो मला पाठवा, मी रविवारी फोन करते. प्रकल्प खरंच बरा वाटला तर वकिलाची फी मी भरीन, आणि जागा बघायला तिघं मिळून जाऊ.

तुमची लेक