कोहेन यांची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कॅनडाचे कवी-गायक लेनर्ड कोहेन यांच्यावर आलेला लेख आवडीने वाचला. उतारवयातील त्यांचे दौरे, खर्जात उतरलेला आवाज आणि जगभर गायले गेलेले त्यांचे ‘हॅलेलुया’ हे गीत यांविषयी लेखकाने आस्थेने लिहिले आहे. १९९९ मध्ये मुंबईत येऊन ते रमेश बलसेकर यांच्या निरूपणाला बसत, याचाही उल्लेख लेखात आहे. निसर्गदत्त महाराजांचे मराठी बोलणे इंग्रजीत करून सांगणारे हेच बलसेकर, आणि महाराजांची खेतवाडी माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे तो परिच्छेद मी दोनदा वाचला. परंतु १९६७ ते १९७१ या काळाची बोळवण ‘आवाज न सापडलेला कवी गिटार घेऊन चाचपडत होता’ अशा एका वाक्यात झाली आहे, ती मला पटली नाही. चाचपडणे होते, हे मान्य. पण आवाज सापडला नव्हता असे म्हणणे ती ध्वनिमुद्रणे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला जड जाईल.

कोहेन गाण्याकडे वळले ते काव्यवाचनाच्या वाटेने. १९३४ मध्ये माँट्रिअलला जन्मलेल्या या कवीचा पहिला संग्रह १९५६ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी फोकवेज कंपनीने माँट्रिअलच्या सहा कवींची जी तबकडी काढली, तिच्यात सर्वांत तरुण आवाज त्यांचा होता. १९५८ मध्ये ते माँट्रिअलच्या एका क्लबात जॅझ पियानोच्या साथीने कविता वाचत होते. १९६४ मध्ये आणखी तीन कवींबरोबर त्यांनी कॅनडातील विद्यापीठांचा वाचनदौरा केला. विंदा, बापट आणि पाडगावकर यांचे एकत्रित काव्यवाचन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना अशा दौऱ्यात कवीच्या गळ्याला कोणते वळण लागते हे वेगळे सांगायला नको. शब्द कोठे सोडायचा, ओळ कोठे थांबवायची आणि श्रोत्याला किती वेळ ताटकळत ठेवायचे, हे ज्ञान घेऊनच कोहेन १९६७ मध्ये कोलंबिया कंपनीच्या न्यूयॉर्कमधील स्टुडिओत शिरले. तोवर त्यांच्या नावावर चार कवितासंग्रह आणि दोन कादंबऱ्या होत्या. ज्या आवाजात त्यांनी १९५७ मध्ये कविता वाचल्या, तोच आवाज दहा वर्षांनी गाऊ लागला, एवढाच काय तो फरक.

गिटारचीही तीच गोष्ट आहे. तरुणपणी माँट्रिअलमधील घराजवळच्या बागेत भेटलेल्या एका स्पॅनिश वादकाने तीन दिवसांत आपल्याला सहा स्वरसंगती शिकवल्या, चौथ्या दिवशी तो आला नाही, चौकशी केली तेव्हा त्याने आत्महत्या केल्याचे कळले, आणि आपले सारे संगीत त्या सहा स्वरसंगतींवर उभे आहे, असे कोहेन यांनी २०११ मध्ये स्पेनमधील ओव्हिएडो येथे पुरस्कार स्वीकारताना सांगितले होते. पहिल्या तीन तबकड्या ऐकताना हे कानाला कळते. नायलॉनच्या तारांवर उजव्या हाताची बोटे तीन-तीन ठोक्यांची अखंड गुंफण करीत राहतात आणि तिच्यावरून शब्द जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत चालत जातात. आपल्याकडे भावगीतात कवी एक, चाल लावणारा दुसरा आणि पुष्कळदा गाणारा तिसरा, अशी वाटणी रुळलेली असल्याने, तिन्ही कामे करणाऱ्याच्या गळ्यात आपण नकळत तिसऱ्याचीच तयारी शोधतो. तेथे ती नाही. शाहिराला ऐकताना आपण जो कान लावतो, तो येथे अधिक उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

रंगमंचाची भीती मात्र खरी होती. ‘सुझॅन’ हे गीत त्यांच्याआधी, १९६६ मध्ये, अमेरिकन गायिका ज्यूडी कॉलिन्स यांनी ध्वनिमुद्रित केले होते आणि त्याच्या जोरावर कोहेन यांचे नाव लोकांच्या कानी गेले होते. (त्या गीताचे हक्क एका कागदावर सही करून ते गमावून बसले, हा निराळाच दुःखद भाग.) १९६७ च्या पूर्वार्धात न्यूयॉर्कच्या एका मदत कार्यक्रमात कॉलिन्स यांनी त्यांना मंचावर आणले, गिटार बेसूर झालेली, पाय लटपटणारे, अशा अवस्थेत ते अर्ध्या गीतावरून आत निघून गेले, आणि श्रोत्यांच्या टाळ्या व कॉलिन्स यांचा आग्रह यामुळे परत येऊन त्यांनी ते दोघांनी मिळून पुरे केले. त्याच वर्षी जुलैमध्ये ते न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायले.

पहिल्या तबकडीची हकिगत तर लेखात यायलाच हवी होती. बिली हॉलिडे आणि बॉब डिलन या गायकांना पारखणारे कोलंबियाचे निर्माते जॉन हॅमंड यांनी कोहेन यांच्या हॉटेलच्या खोलीत बसून गाणी ऐकली आणि त्यांना करारबद्ध केले. घरी आरशासमोर गाण्याची सवय असल्याने कोहेन यांनी स्टुडिओत पूर्ण उंचीचा आरसा मागून घेतला. पुढे हॅमंड बाजूला झाले आणि जॉन सायमन या दुसऱ्या निर्मात्याकडे काम आले. त्यांना तंतुवाद्ये, स्त्रियांचे स्वर आणि ताल हवा होता, तर कोहेन यांना शब्दांच्या आड काहीही यायला नको होते. ‘सुझॅन’मध्ये पियानो आणि ड्रम घालण्यावरून दोघांचे चांगलेच वाजले. काही वाद्ये नंतर वगळण्याचा प्रयत्न झाला, पण ती फितीवर इतर आवाजांत मिसळलेली असल्याने सगळी निघाली नाहीत. कॅलिडोस्कोप या वाद्यवृंदाच्या कलाकारांनी काही गाण्यांना साथ दिली, त्यांची नावेही वेष्टनावर आली नाहीत. २७ डिसेंबर १९६७ रोजी निघालेल्या त्या तबकडीत हे भांडण आजही ऐकू येते आणि मला ते दोष वाटत नाही. जेथे कोहेन एकटे आहेत, तेथे ओळ आपल्या गतीने चालते. जेथे ताल आला, तेथे तिला पाऊल जुळवावे लागते. ही ओढाताण ऐकल्याशिवाय त्यांच्या पुढच्या साऱ्या रचनांमधील मोकळ्या जागांचा अर्थ लागत नाही. अमेरिकेत ही तबकडी फार खपली नाही, इंग्लंडने मात्र तिचे स्वागत केले.

१९६९ ची दुसरी तबकडी निर्माते बॉब जॉन्स्टन यांनी नॅशव्हिलमध्ये केली. त्यांनी सारे सामान बाहेर काढले. मागे कुठे तरी मोरचंगासारखे वाद्य घुमते, बाकी माणूस आणि गिटार. ती मला पहिल्या तबकडीइतकी आवडत नाही, पण चाचपडणाऱ्या माणसाची ती खचितच नाही.

आणि १९७०. त्या वर्षीच्या युरोप दौऱ्यात कोहेन महोत्सवांबरोबरच इंग्लंडमधील हेंडरसन या मनोरुग्णालयातही गायले. ऑगस्टच्या अखेरीस इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरील संगीत महोत्सवात कुंपणे मोडून आत शिरलेला काही लाखांचा जमाव होता, दगड-बाटल्यांचा मारा झाला होता, क्रिस क्रिस्टॉफरसन यांची हुर्यो उडवली गेली होती, जिमी हेंड्रिक्स वाजवत असताना मंचाला आग लागली होती. मध्यरात्र उलटल्यावर झोपेतून उठवलेले कोहेन मंचावर आले ते कसलीही घाई न करता. लहानपणी वडील आपल्याला सर्कशीला नेत, तेथे एक माणूस उठून, प्रत्येकाने काडी ओढावी म्हणजे सगळे कोठे आहेत ते दिसेल, असे सांगे; आता तुम्हीही काडी ओढाल का, असे त्यांनी त्या काळोखाला विचारले. सुदैवाने चित्रपट दिग्दर्शक मरी लर्नर यांनी हे चित्रित केले होते आणि २००९ मध्ये ते प्रकाशात आले. त्यात गाण्याची लय नेहमीपेक्षाही संथ आहे आणि चिडलेला जमाव हळूहळू शांत होत जातो. तीन वर्षांपूर्वी अर्ध्या गीतावरून पळालेला हाच माणूस.

लेखकाने ‘बर्ड ऑन द वायर’चा उल्लेख केला आहे, तो उतारवयातील मैफिलींच्या संदर्भात. काड्या ओढायला सांगितल्यानंतर कोहेन यांनी त्या रात्री तेच गायले होते. दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकून लेखकाने आपल्या पुरवणीत पुन्हा लिहावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई