पारोहून आई-बाबांना

पारो, भूतान

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोटो मोबाइलवर मिळालेच असतील. पण मला जे सांगायचंय ते फोटोत मावत नाही, आणि फोनवर आई "जेवलीस का, थंडी किती आहे" याच्या पुढे जाऊ देत नाही. म्हणून निवांत लिहायला बसलेय.

इथला त्सेचू दर वसंतात, भूतानी पंचांगाच्या दुसऱ्या महिन्यात भरतो. आठव्या शतकात या डोंगरांत बौद्ध धर्म आणणाऱ्या गुरू पद्मसंभवांचा हा उत्सव. इथली माणसं त्यांना गुरू रिन्पोचे म्हणतात आणि दुसरा बुद्धच मानतात. जागा म्हणजे नदीकाठच्या टेकाडावरचा रिनपुंग झोंग. सतराव्या शतकातला हा किल्ला आहे; आत मठही आहे आणि जिल्ह्याची कचेरीही. बाबा, तुमचं आयुष्य तहसील कचेरीत गेलं आणि सुट्ट्या गडांवर, तेव्हा तुम्हाला इथून हलवणं मुश्कील झालं असतं. आत कललेल्या जाडजूड पांढऱ्या भिंती, वर रंगवलेल्या कोरीव लाकडी खिडक्या, खाली पारो छू नदीवर छप्पर घातलेला लाकडी पूल.

अंगणात माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, आईपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. ठेवणीतली किरा (इथल्या बायकांचा पारंपरिक पोशाख), खांद्यावर विणलेला लाल पट्टा, एका हातात जपाचं चक्र. सोबत नातू. त्याला हिंदी चांगलं येत होतं, त्यामुळे आमचं जमलं. दुपारी त्यांनी बांबूचा विणलेला गोल डबा उघडला. त्याचे दोन भाग एकमेकांत असे घट्ट बसतात की आतला लाल भात गरम राहतो. भातासोबत एमा दात्शी. आई, यात मिरची फोडणीपुरती नसते, मिरचीचीच भाजी असते, चीजमध्ये शिजवलेली. बाबांना आवडेल, तू मात्र जपून. जेवण झाल्यावर आजींनी मला विडा दिला, इथे त्याला दोमा म्हणतात. पानाला चुना लावून आत अख्खी अर्धी ओली सुपारी. कान तापले माझे! आजी हसत होत्या.

मग 'रक्षा मांगचाम' सुरू झाला, मेलेल्या माणसाच्या न्यायनिवाड्याचा नाच. तो बराच वेळ चालतो. आधी बैल, हरीण, डुक्कर, माकड अशा मुखवट्यांचे यमदूत येतात. जरीचे घेरदार कपडे, पाय अनवाणी, मुखवट्याच्या आत डोक्याला गुंडाळलेलं फडकं. माझ्यापासून दोन हातांवर एकाने गिरकी घेतली, तेव्हा मुखवट्याखालून त्याचा धापा टाकणारा श्वास ऐकू आला. मग शिंजे येतो. शिंजे म्हणजे आपला यमधर्मच. त्याची भलीमोठी मूर्ती वाजतगाजत आणतात. समोर काळ्या कपड्यातला पापी माणूस उभा करतात. काळा राक्षस त्याची पापं मोजून दाखवतो, पांढरा देव त्याची बाजू मांडतो, आणि तराजूत काळे-पांढरे खडे तोलले जातात. त्याचा निकाल लागला की पुण्यवान माणसाची पाळी. त्याला स्वर्गाकडे नेण्यासाठी पांढरं कापड अंथरतात, तरी शेवटच्या क्षणी काळा राक्षस त्याच्यावर झडप घालतो. त्या वेळी अख्ख्या अंगणाचा श्वास अडकला होता. लाल मुखवटा घातलेले अत्सारा, म्हणजे विदूषक, एरवी सारखी थट्टामस्करी करत फिरतात, तेही गप्प.

छोटी मुलं आईच्या मांडीवर बसून हे सगळं टक लावून बघत होती. मी आजींना विचारलं, मुलांना भीती नाही वाटत? नातवाने त्यांचं उत्तर सांगितलं, "मेल्यावर हीच तोंडं समोर येणार आहेत. आत्ता ओळख करून घेतली की तेव्हा घाबरायला होत नाही." एवढं बोलून त्यांनी चक्र पुन्हा फिरवायला घेतलं. आवाजात ना दुःख, ना उपदेश. उद्या कुठल्या गावाला जायचंय हे सांगावं इतकं ते सहज होतं.

आई, बाबा दिवाळीत कागदपत्रांचं, बँकेतल्या वारसनोंदींचं बोलायला लागले, की तू "सणासुदीला अभद्र बोलू नका" म्हणत उठतेस. तुझं मन मला कळतं. पण इथे तर ऐन सणात, नवे कपडे घालून, नातवंडांना मांडीवर घेऊन माणसं हाच विषय बघायला येतात आणि मजेत डबा खाऊन घरी जातात. त्यांच्यात बसून मला फार मोकळं वाटलं. तुम्हा दोघांना काय हवंय, काय नकोय, दवाखान्यात कुठवर जायचं, कुठे थांबायचं, हे मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय. तुम्ही धडधाकट असताना, चहा पिता पिता.

शेवटच्या दिवशी पहाटे अंधारातच गेलो. झोंगच्या भिंतीवर थोंगद्रोल उलगडतात. रेशमी तुकडे जोडून शिवलेलं पद्मसंभवांचं हे चित्र भिंतभर उंच असतं. त्याच्या नुसत्या दर्शनाने मुक्ती मिळते अशी श्रद्धा आहे. खालच्या काठाला डोकं टेकवायला पंढरपुरासारखी रांग लागते. कोवळं ऊन चित्रावर पडायच्या आत ते गुंडाळून ठेवतात, म्हणून सगळ्यांची लगबग.

ताक्त्सांगलाही जाऊन आले. कड्याला चिकटलेला हा मठ १६९२ मध्ये बांधला, १९९८ च्या आगीत जळाला, आणि भूतानी लोकांनी तो पुन्हा जसाच्या तसा उभा केला. अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंत घोडा मिळतो आणि तिथून मठ समोरच दिसतो. बाबांच्या गुडघ्यांना तेवढं पुरे. पुढच्या पायऱ्या नकोत, आणि उतरताना घोड्यावर बसू देत नाहीत, हे धरूनच बेत करू.

पुढच्या वसंतात तुम्हाला आणायचं मी ठरवून टाकलंय. आपल्याला व्हिसा लागत नाही; पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवून परवाना मिळतो. माणशी रात्रीला १,२०० रुपये सरकारी शुल्क आहे, ते माझ्याकडे लागलं. बाबा, तुमचा पासपोर्ट संपत आलाय, अर्ज आत्ताच भरून टाका. मी परतल्यावर पहिल्या रविवारी घरी येते. त्या दिवशी आई, स्वयंपाकाचा घाट घालू नकोस. आमटी-भात कर आणि आमच्यात येऊन बस.

तुमची,
ताई