हॉलच्या आधी बाथरूम

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही हॉटेलात एसी हॉल बांधण्यासाठी कर्ज काढायचं म्हणालात आणि मी गप्प झाले. रागावले नव्हते. मनात होतं ते फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

दिवाळीत चार दिवस मी गल्ल्यावर होते. तुम्हाला जरा आराम मिळावा हे तर होतंच, पण मी येणारी-जाणारी माणसं बघत होते. माझ्या डिझाइनच्या नोकरीतलं निम्मं काम हेच असतं. काहीही नवं करायच्या आधी ते ज्याच्यासाठी करायचं, त्याच्याकडे बघत बसायचं.

आपलं हॉटेल तुम्ही ट्रकवाल्यांसाठी उभं केलंत. बाहेर बाजा, अंघोळीला उघडी टाकी, तर्रीदार रस्सा, रात्री दोनलाही गरम पोळी. त्या माणसाला काय लागतं ते तुमच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. पण ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्ग नागपूरहून शिर्डीपर्यंत सुरू झाला, ५ जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला, आणि कारंजा-मेहकरच्या आपल्या जुन्या रस्त्यावरचे लांबचे ट्रक तिकडे वळले. तुमच्या हाताची चव गेली, असं तुम्ही आईला म्हणालात ना, ते मला फार लागलं. चव तीच आहे बाबा. गिऱ्हाईकच दुसऱ्या रस्त्याला लागलं.

मग आता फाट्यावर उतरतं कोण? मी बघितल्या त्या बहुतेक बायका आणि म्हातारी माणसं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासूनच प्रवास मोफत. कोणी गुरुमंदिरात दर्शनाला, कोणी दवाखान्यात, कोणी माहेरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक सासू-सून उतरल्या, सुनेच्या कडेवर लेकरू. सासूबाईंनी टेबलावरचा गडवा उचलला, तोंडाजवळ नेला. सुनेनं हळूच त्यांचं मनगट धरलं. "नोका पिऊ आत्याबाई, इथं बायकाइची सोय नाही." त्यांनी भरलेला गडवा तसाच खाली ठेवला. पोराला एक बिस्किटचा पुडा घेतला आणि दोघी उन्हात थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. बाबा, तुम्ही आत तव्यावर होता, तुम्हाला दिसलं नाही. माझ्या डोळ्यांसमोरून तो गडवा अजून हलत नाही. आपल्या दारातून दोन बायका तहानलेल्या परत गेल्या, आणि एसी लावला असता तरी त्या गेल्याच असत्या.

आई, ताटात पडलेला भात बघून तू हळहळतेस. मी शेवटच्या दिवशी मुद्दाम मोरीजवळ उभी राहिले. भात आणि तिसरी पोळी बहुतेक बायकांच्या ताटातून परत येत होती. ट्रकवाल्याचं ताट त्यांना संपणार कसं? अर्धी थाळी हवी: एक भाकर, वांग्याची भाजी, वरण. तर्री वेगळ्या वाटीत, म्हणजे लेकरांना आणि म्हाताऱ्यांनाही खाता येईल.

त्या गडव्यावरून आठवलं. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं भारतात फिरलं. आपल्या देशात डिझाइनचं शिक्षण कसं असावं यावर त्यांनी सरकारला अहवाल दिला, आणि त्यात सगळ्यात जास्त कौतुक केलं ते लोट्याचं, म्हणजे आपल्या गडव्याचं. पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्या हातांनी त्याला घडवलं, म्हणून तो कमरेवरही बसतो आणि डोक्यावरही. त्याच विचारातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. आम्ही शहरात जे मोठ्या शब्दांत शिकतो, त्याचं मूळ आपल्या मोरीत पालथं घातलेलं असतं.

तर बाबा, माझी विनंती एवढीच, बँकेत सही करायला एक महिना थांबा. मागच्या भिंतीला लागून बायकांसाठी एक बाथरूम करू. आतून कडी, बादली, मग, दिवा, आणि रस्त्यावरून वाचता येईल अशी पाटी. गवंड्याचा खर्च माझ्याकडे. अर्धी थाळी आधी फळ्यावर खडूनं लिहायची. नाही चालली तर पुसून टाकू.

आणि कोणाला "जेवण कसं होतं?" असं विचारू नका. तोंडावर सगळे चांगलंच म्हणतात. "मागच्या वेळी या रस्त्यानं गेलात तेव्हा कुठं थांबला होता?" असं विचारा, आणि मग ऐकत राहा. न जेवता उठून गेलेल्यांची वहीत वेगळी नोंद ठेवा. मला ती वही सगळ्यात आधी बघायची आहे.

मी शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीनं निघते. आई, ज्वारी जरा जास्त दळून ठेव. आणि तुझे गुडघे दुखतात तर खाली बसून भाकरी थापू नकोस, मी आल्यावर आधी ओटा उंच करून घेऊ.

तुमची लेक