‘सर्व्हर डाऊन’वर उपाय मोजक्या कनेक्शन्सचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकालाचा दिवस किंवा प्रवेशअर्जाची शेवटची तारीख आली की ‘सर्व्हर डाऊन’ ही बातमी ठरलेली, आणि ‘क्षमता वाढवू’ हे त्यावरचे उत्तरही ठरलेले. महा-ई-सेवा केंद्राबाहेर दिवसभर ताटकळणाऱ्या मुलांना या उत्तराचा फारसा उपयोग नाही. बऱ्याचदा मशीन कमी पडलेलेच नसते. वेब ॲप्लिकेशनने डेटाबेसकडे, म्हणजे माहितीचा साठा सांभाळणाऱ्या प्रणालीकडे, एका वेळी किती कनेक्शन्स उघडायची, याला कुणी लगाम घातलेला नसतो.

हिशेब साधा आहे. पोस्टग्रेस डेटाबेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शन्सची, त्यांतली ३ प्रशासकासाठी राखीव. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ती १५१. आता ॲपची बाजू पाहा. १० सर्व्हर, प्रत्येकावर ४ वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस), प्रत्येक वर्करच्या पूलमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शन्सच्या साठ्यात, २०: गुणाकार ८००. मागणीप्रमाणे भरणारे पूल एरवी रिकामेच राहतात, म्हणून हे वर्षभर खपून जाते. निकालाच्या दुपारी ते सगळे एकदम भरू लागतात आणि ९८व्या कनेक्शनला पोस्टग्रेस ‘उरलेल्या जागा राखीव आहेत’ म्हणून दार लावतो. गर्दी दिसताच नवे सर्व्हर जोडणारी क्लाउडची सोय इथे उलट घात करते, कारण प्रत्येक नवा सर्व्हर आणखी ८० कनेक्शन्स मागतो.

मग घाईघाईने १००ची मर्यादा १००० केली जाते. पोस्टग्रेसला त्यासाठी रीस्टार्ट लागतो, म्हणजे ऐन गर्दीत साइट पुन्हा बंद. एवढे करून चूक फक्त नजरेआड होते. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस चालवतो, आणि ८ कोअरच्या (एका वेळी आठच कामे करू शकणाऱ्या) मशीनवर शेकडो प्रोसेस एकदम कामाला लागल्या की सीपीयूची पाळी, लॉक (नोंदींवरची कुलपे) आणि डिस्क यांसाठी त्यांची ओढाताण सुरू होते. आठ वाढपी असताना पाचशे पाने एकदम मांडली, तर कुणाचेच जेवण वेळेत होत नाही. मेमरीचाही प्रश्न आहे. सॉर्टसाठीची, म्हणजे माहिती क्रमाने लावण्यासाठीची, मेमरीची मर्यादा ‘वर्क मेम’ ६४ एमबी ठेवली आणि ३०० क्वेऱ्यांनी (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांनी) प्रत्येकी एकच मोठा सॉर्ट केला, तरी १९ जीबी रॅम जाते. रॅम संपली की लिनक्स त्यांतली एखादी प्रोसेस मारतो. तेवढ्याने पोस्टग्रेस सगळीच कनेक्शन्स तोडून रिकव्हरीत जातो.

मग पुरतात तरी किती? जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला रांगेचा नियम इथे चपखल बसतो: सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ. सेकंदाला १००० विनंत्या आणि प्रत्येकीची क्वेरी १० मिलिसेकंदांची, तर सरासरी १० कनेक्शन्स गुंतलेली राहतात. पोस्टग्रेसच्या वर्तुळात रूढ असलेले सूत्र म्हणजे कोअरची दुप्पट अधिक डिस्कची संख्या. ८ कोअर आणि एका डिस्कला १७. ते फिरत्या डिस्कच्या काळातले आहे, म्हणून आज त्याला फक्त सुरुवातीचा आकडा मानावे. जेमीटरसारख्या साधनाने कृत्रिम गर्दीचा लोड देऊन १०, १७, २५, ४० असे मोजत जावे. ज्या आकड्यानंतर सेकंदाला पूर्ण होणारी कामे वाढेनाशी होतात आणि प्रतिसादाचा वेळ मात्र वाढतो, तिथे थांबावे.

ॲपचे सर्व्हर अनेक असतील तर मध्ये पीजीबाउन्सर हा मध्यस्थ प्रोग्राम ठेवावा. तो हजारो कनेक्शन्स आपल्याकडे घेतो आणि डेटाबेसकडे मोजकीच नेतो. मात्र त्याचा मूळ मोड ‘सेशन’ असतो. तो ‘ट्रान्झॅक्शन’ (एकत्र पूर्ण होणाऱ्या नोंदींचा एक व्यवहार संपताच कनेक्शन मोकळे करणारा) केला नाही, तर एक ग्राहक जाईपर्यंत त्याचे कनेक्शन अडकून राहते आणि फायदा जवळपास शून्य. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये सेशनभर टिकणाऱ्या सेटिंग्ज, तात्पुरती टेबले आणि सेशन पातळीवरचे ॲडव्हायझरी लॉक यांवर विसंबता येत नाही. कोड आधी तपासावा. पीजीबाउन्सरची मूळ २०ची पूल मर्यादा प्रत्येक यूजर-डेटाबेस जोडीला वेगळी लागते, म्हणजे तीन यूजर असतील तर ६०.

सर्वांत दुर्लक्षित चूक वेगळीच आहे: ट्रान्झॅक्शन उघडून हातात कनेक्शन धरायचे आणि ओटीपीच्या एसएमएसची किंवा पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट पाहायची. ते उत्तर यायला २ सेकंद लागले, तर २० कनेक्शन्सचा पूल सेकंदाला फक्त १० अर्ज पुढे सरकवतो, आणि तिकडे डेटाबेसचा सीपीयू जवळपास रिकामा असतो. इथे कितीही मोठा सर्व्हर आणला तरी काही फरक पडणार नाही. चालू कनेक्शन्सची स्थिती दाखवणाऱ्या पोस्टग्रेसच्या ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ या यादीत ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’च्या (व्यवहार उघडा ठेवून नुसत्या बसलेल्या कनेक्शन्सच्या) ओळी साचलेल्या दिसल्या की हाच रोग समजावा. नोंद करून ट्रान्झॅक्शन संपवावे, बाहेरचा कॉल नंतर करावा.

वेळेच्या मर्यादाही हव्यात. पोस्टग्रेसमध्ये क्वेरीला मुळात कालमर्यादाच नसते. विद्यार्थी रिफ्रेश दाबतो, पण बऱ्याच ॲप्समध्ये त्याची आधीची क्वेरी आत चालूच राहते. दहा वेळा दाबले की दहापट भार. निकाल पाहण्याच्या क्वेरीला ५ सेकंदांची हद्द पुष्कळ झाली. पूलमधून कनेक्शन मिळण्याची वाट हिकारीसीपी ही जावा ॲप्समधली पूल सांभाळणारी लायब्ररी मूळ सेटिंगनुसार ३० सेकंद पाहते, ती २ किंवा ३ वर आणावी. त्यानंतर ५०३ (‘सेवा सध्या उपलब्ध नाही’) हा प्रतिसाद देऊन ‘एवढ्या सेकंदांनी पुन्हा या’ असे सांगावे. पानानेही तेवढ्याच वेळाने स्वतःहून प्रयत्न करावा. कोऱ्या पडद्यापुढे तासभर बसण्यापेक्षा मुलांना हे परवडते. अधिकाऱ्यांच्या कामासाठी ५ कनेक्शन्सचा वेगळा पूल ठेवावा, म्हणजे गर्दीत निदान त्यांना आत शिरून दुरुस्ती करता येईल.

निकालाचे तर डेटाबेसशी कामच पडू नये. जाहीर झाल्यावर तो त्या दिवशी बदलत नाही. बैठक क्रमांक आणि आईचे नाव जुळवून तो आधीच भरलेल्या कॅशमधून, म्हणजे तयार उत्तरांच्या तात्पुरत्या साठ्यातून, देता येतो. डेटाबेसची कनेक्शन्स प्रवेशअर्जांसाठी राखावीत, तिथे त्यांची खरी गरज आहे.

सरकारी पोर्टलच्या निविदांत रॅम आणि कोअरचे आकडे मागितले जातात. त्यांसोबत कनेक्शन्सची एकूण बेरीज, प्रत्येक टाइमआउट (वेळेची मर्यादा) आणि पूल भरल्यावर वापरकर्त्याला काय दिसेल, हेही लेखी मागावे. अपेक्षित गर्दीच्या दुप्पट लोड देऊन केलेल्या चाचणीचा अहवाल निकालाच्या किमान पंधरा दिवस आधी जाहीर करावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

आपले,
डेटाबेस प्रशासनाच्या कामातील काही वाचक, पुणे