जिवाची पर्वा होती म्हणूनच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘मिशन : इम्पॉसिबल’ या हेरपटांच्या मालिकेवर लेख आला आहे. लिहिणाऱ्याने चित्रपट मन लावून बघितलेत हे कळतं. पण एका वाक्यापाशी मी अडकलो. टॉम क्रूझ ‘जिवाची पर्वा न करता, कोणत्याही दोरीशिवाय’ दुबईच्या बुर्ज खलिफावर चढला, असं त्यात छापलं आहे. मी हिंदी चित्रपटांत सव्वीस वर्षं फायटर, म्हणजे स्टंट करणारा, होतो. त्यातली शेवटची अकरा वर्षं मी उड्या मारल्या नाहीत, दुसऱ्यांच्या केबल धरल्या. म्हणून हे पत्र लिहितोय.

दोरी होती. २०११ च्या त्या चित्रपटात तो ८२८ मीटर उंच इमारतीच्या काचेवर जातो तेव्हा त्याच्या अंगात हार्नेस, म्हणजे अंगाला आवळायचे पट्टे, आहे आणि हार्नेसला केबल आहे. नंतर ती संगणकावर पुसली. आमच्या वेळी पुसायची सोय नव्हती. बारीक पोलादी तारेला काळा रंग फासायचा, मागे गडद भिंत बघायची आणि तार चमकू नये म्हणून लाइटवाल्यांना सांभाळून घ्यायला सांगायचं. प्रेक्षकाला तार दिसू नये, हा आमच्या कामाचाच भाग. पण ती नव्हतीच, असं पेपरात येऊ नये.

मालिकेचा आठवा भाग, ‘द फायनल रेकनिंग’, आपल्याकडे १७ मे २०२५ ला लागला, अमेरिकेच्या सहा दिवस आधी. तेरा वर्षांच्या नातवाला घेऊन गेलो. शेवटी क्रूझ उडत्या बायप्लेनच्या पंखावर जातो आणि वाऱ्याने त्याच्या गालांच्या लाटा होतात, तेव्हा नातू माझ्या कानात म्हणाला, “आजोबा, याला भीतीच वाटत नाही.” मी म्हटलं, “वाटते रे. वाटते म्हणून तर इतक्या वर्षांनी अजून काम करतोय.” त्याला ते पटलं नाही. घरी आल्यावर त्याने मोबाइलवर या मालिकेच्या चित्रीकरणाचे व्हिडिओ शोधले आणि मला इंग्रजीचं मराठी करून सांगत बसला. आठ-दहा दिवस आमचा तोच उद्योग होता.

त्यात १९९६ च्या पहिल्या भागाची गोष्ट निघाली. क्रूझ छतातून केबलवर खाली येतो आणि जमिनीपासून काही इंचांवर आडवा थांबतो, तो प्रसंग सगळ्यांना आठवत असेल. चित्रीकरणात ते जमत नव्हतं. तोल पुढे जाऊन तोंड जमिनीवर आपटत होतं. शेवटी त्याने तिथल्या लोकांकडून नाणी मागून घेतली आणि बुटांत भरली. पाय जड झाले, तोल सावरला, शॉट मिळाला. हे त्यानेच मुलाखतीत सांगितलं आहे. ऐकून मला भरून आलं, कारण हे मला हातांनी माहीत आहे. माणूस कंबरेत टांगला की डोक्याकडचं अंग जड पडतं. आम्ही एकदा वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं आणली आणि डुप्लिकेटच्या पँटच्या घडीत शिवली होती. बुटात किती नाणी घालायची, घडीत किती शिसं शिवायचं, हाच आमचा धंदा आहे. उडी सगळ्यात शेवटी येते.

नॉर्वेतल्या कड्याचंही तसंच. सातव्या भागात तो चार हजार फुटांच्या कड्यावरून मोटरसायकलसकट उडी घेतो आणि पॅराशूट उघडतो. त्याआधी विमानातून ५०० हून जास्त उड्या आणि मोटरसायकलच्या १३,००० उड्यांचा सराव झाला होता. प्रत्यक्ष जागेवर त्याने सहा वेळा उडी मारली, आणि तीही २०२० साली मुख्य चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी. पहिल्या दिवशी का? काही बरंवाईट झालंच, तर पुढे जायचं की थांबायचं, हे सुरुवातीलाच कळावं म्हणून. आपल्या मरणाचाही हिशेब जो वेळापत्रकात मांडतो, त्याला जिवाची पर्वा नाही असं कसं म्हणायचं?

आणि एवढं करूनही चुकतं. ऑगस्ट २०१७ मध्ये सहाव्या भागाच्या वेळी लंडनला एका छतावरून दुसऱ्या इमारतीवर उडी मारताना त्याचा घोटा मोडला. तेव्हाही केबल होती. काम कित्येक आठवडे बंद राहिलं. तो शॉट चित्रपटात ठेवला आहे; पाय भिंतीवर कसा वाकडा आदळतो ते नीट बघा. मला तो दुसऱ्यांदा बघवला नाही.

त्याचं कारण माझ्या दोन टाचा. १९९४ च्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्याच्या सज्जावरून मला मागे पडायचं होतं. खाली पुठ्ठ्याचे रिकामे खोके रचतात, थरांवर थर, बाहेरून दोर आवळून, वर गादी आणि ताडपत्री. कोरडा खोका चिरडतो आणि चिरडताना तुमचा वेग खातो. पडायचं ते सपाट पाठीवर. ते खोके रात्रभर बाहेर राहिले होते. मी ताडपत्रीखाली हात घातला तर पुठ्ठा ओल्या पावासारखा दबला. फाइट मास्टरांना सांगितलं. त्यांनी खोके बदलायला सांगितलेही. पण हिरो चार वाजता निघणार होता. निर्मात्याचा माणूस वर बघून सगळ्यांच्या देखत ओरडला, “क्या रे, डर गया क्या?” मी तेव्हा तिशीतला. उडी मारली. खोके एका अंगाला बसले, अंग फिरलं आणि पाय आधी टेकले. दोन्ही टाचांचा चुरा. निर्मात्याकडून पहिल्या रात्रीचं बिल आलं, पुढे कोणी फिरकलं नाही. सात महिने बायकोने साड्यांना फॉल-पिको करून घर चालवलं.

आपल्या लेखातलं ‘जिवाची पर्वा न करता’ वाचलं आणि मला तोच आवाज ऐकू आला. लेखकाच्या मनात तसं काही नाही, हे मला समजतं. पण पर्वा न करणं ही तारीफ झाली की खोके ओले आहेत म्हणणारा भित्रा ठरतो. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत चित्रीकरणात गाडी उलटवताना एक स्टंटमन गेला. त्या गाडीत काय कमी पडलं, मला ठाऊक नाही. पण बातमी वाचून मी त्या दिवशी जेवलो नाही.

मी केबल धरत होतो तेव्हा प्रत्येक तार अर्धा इंचही न सोडता बोटांतून ओढून बघायचो. एखादा धागा तुटलेला असेल तर चामडीला टोचतो, डोळ्याला दिसत नाही. हातमोजे घालून हे कळत नाही. बोटं रक्ताळायची. त्या अकरा वर्षांत माझ्या तारेवरून एकही माणूस पडला नाही. माझी कमाई म्हणाल तर ही.

ऑस्कर देणाऱ्या अकादमीने एप्रिल २०२५ मध्ये स्टंटसाठी वेगळा पुरस्कार जाहीर केला. २०२७ मधल्या चित्रपटांपासून तो सुरू होईल आणि पहिल्यांदा २०२८ ला दिला जाईल. पुरस्काराचं नाव ‘स्टंट डिझाइन’ आहे. नातवाने ‘डिझाइन’ म्हणजे आखणी असं सांगितलं तेव्हा मी त्याला तो शब्द पुन्हा वाचायला लावला.

माझी मागणी लहान आहे. बुर्ज खलिफावर केबल होती, ती नंतर पुसली गेली, एवढी दुरुस्ती येत्या रविवारच्या पुरवणीत छापावी. आमच्या इमारतीतली मुलं गच्चीच्या कठड्यावर उभी राहून रील काढतात आणि तो लेख त्यांच्यातल्या एकाने मोबाइलवर फिरवला आहे. दुरुस्ती आली की तीही मी त्यांच्याकडे पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त फायटर
जोगेश्वरी (पूर्व), मुंबई